तळटीप १४ : ‘तो बार्बाडोसचा गडी’

१४. पॅट्रिक हजबंड्स (जन्म १९७३). वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरचा कृष्णवर्णीय जॉकी. तरुणपणीच कॅनडात आला. लेखकाने त्याला पाहिले ते टोरोंटोच्या वुडबाइन रेसकोर्सवर. २००३मध्ये ‘वाँडो’ या घोड्यावर त्याने क्वीन्स प्लेट, प्रिन्स ऑफ वेल्स आणि ब्रीडर्स या तिन्ही शर्यती मारल्या. पुढे मजकुरात येणारा ‘ट्रिपल क्राउन’ तो हाच. आपल्याकडे बार्बाडोस म्हटले की क्रिकेटपटू सोबर्स आठवतो, घोडे नव्हे. पण ब्रिजटाउनजवळच्या गॅरिसन सॅव्हानावर, म्हणजे इंग्रज पलटणीच्या कवायतीच्या मैदानावर, १८४५पासून शर्यती होत आल्या आहेत. आधी गोरे अधिकारी हौसेखातर घोडे पळवत, मग मळेवाले आणि व्यापारी त्यात आले. पुण्याचे रेसकोर्सही असेच छावणीतले. अमेरिकेत मात्र कृष्णवर्णीय जॉकींना विसाव्या शतकाच्या आरंभी मैदानाबाहेर ढकलण्यात आले. केंटकी डर्बी जिंकलेला त्यांतला शेवटचा जिमी विंकफील्ड (१९०१, १९०२) पुढे रशियात जाऊन घोडे पळवू लागला. मजकुरातले ‘आमचं गाव’ म्हणजे लेखकाचे सायखेडा, ता. निफाड, जि. नाशिक, गोदावरीच्या पलीकडच्या तीराला चांदोरी.