संत, स्वराज्य आणि बऱ्हाणपूर : रानडे आणि राजवाडे यांचे दोन युक्तिवाद

सतराव्या शतकात मराठ्यांची सत्ता उभी राहिली, तिच्यामागे संतांचा वाटा किती, हा आपल्या इतिहासलेखनातला जुना वाद आहे. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे 'राइज ऑफ द मराठा पॉवर' १९०० साली प्रसिद्ध झाले. दोघांची उत्तरे जवळजवळ उलटी आहेत. वाचकहो, बरोबर कोण हे ठरवण्यापूर्वी हे दोघे आपल्याला पटवतात कसे, ते पाहू.

रानडे वकिली शिकलेले आणि न्यायासनावर बसलेले. त्यांची रीत पुराव्यावर पुरावा रचण्याची. संतांवरच्या प्रकरणात ते सुमारे पाचशे वर्षांतले पन्नासेक संत मोजतात. त्यांत ब्राह्मण आहेत. मराठे, कुणबी, शिंपी, माळी, कुंभार, सोनार, महार आहेत. स्त्रिया आहेत, मुसलमानही आहेत. ही यादी वाचतानाच समाज हलत असल्याचा प्रत्यय येतो, निराळा निष्कर्ष सांगावा लागत नाही. मग ते युरोपातल्या सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेची तुलना पुढे करतात. पुस्तक इंग्रजीत आहे. मराठे म्हणजे नुसते लुटारू, असे मानणाऱ्या वाचकाला त्याच्याच ओळखीच्या मापाने उत्तर द्यायचे आहे. पण हे माप पुरते बसत नाही. वारकऱ्यांनी देऊळ सोडले नाही, निराळी धर्मसंस्था काढली नाही आणि कोणा राजाचा पक्षही धरला नाही.

राजवाड्यांची रीत निराळी. ते मराठीत, आपल्याच माणसांना उद्देशून आणि चिडून लिहितात. सोसणारा तो सहिष्णू धर्म, जिंकणारा तो जयिष्णू. रामदासांचा महाराष्ट्रधर्म दुसऱ्या जातीचा, अशी ते विभागणी करतात. वारकरी संतांच्या निवृत्तीने देश पांगळा झाला, हे त्यांचे म्हणणे. दोन शब्द समोरासमोर उभे केले की वाचकाला एक निवडावाच लागतो आणि पांगळेपण कोण निवडील? शिवाय हा माणूस गावोगाव हिंडून दप्तरे शोधणारा, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पहिल्या खंडातली पत्रे १७५० ते १७६१ या काळातली आहेत आणि संतांविषयीचे विधान त्याआधीच्या कित्येक शतकांबद्दल आहे. अठराव्या शतकाच्या कागदांवर मिळवलेला विश्वास तेराव्या-सोळाव्या शतकांच्या खात्यावर खर्च झालेला आहे.

आता हे दोन्ही युक्तिवाद आपल्या तापीकाठी आणून पाहू. बऱ्हाणपूरहून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की मुक्ताईनगरचा परिसर लागतो. मुक्ताबाई तिथे अंतर्धान पावल्या, अशी परंपरा आहे. तापी-पूर्णा संगमावर चांगदेवाचे स्थान आहे. म्हणजे संतांची वाणी इथे परकी नव्हती. तरीही स्वराज्य उगवले ते सह्याद्रीच्या मावळात. खानदेशावर दोनशे वर्षे फारुकी सुलतान होते आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर तो मोगलांचा सुभा झाला. नुसत्या संतवाणीने राज्य उभे राहत असते, तर इथेही राहायला हवे होते. रानड्यांना हे ठाऊक असावे. डोंगर, किल्ले, गावगाडा, दक्षिणी सुलतानांच्या चाकरीत तयार झालेले मराठे सरदार, यांचा हिशेब त्यांच्या पुस्तकात आहे. संतांचे प्रकरण सुटे काढून वाचणारे त्यांच्यावर अन्याय करतात.

राजवाड्यांची जोडी मात्र इथे अडखळते. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरचा फारुकी सुलतानाचा लेख आहे. त्यात अरबीबरोबर संस्कृतही आहे आणि संस्कृतात सुलतानाची वंशावळ आहे. इथे सहिष्णुता दाखवतो तो सत्ताधारी. तिला दुबळ्याचे सोसणे कसे म्हणावे? १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने, हंबीरराव मोहित्यांसह, बऱ्हाणपुरावर छापा घालून बहादूरपुरा आणि इतर पेठा लुटल्या. मोगलांची रसद आणि पैसा तोडण्याची ती लष्करी चाल होती. पेठेतल्या सराफाच्या लुटलेल्या दुकानापुढे उभे राहून 'जयिष्णू धर्म' म्हटल्याने काही उलगडत नाही.

म्हणून राजवाडे टाकाऊ ठरतात, असे नव्हे. विधान करायचे तर अस्सल कागद दाखवा, ही शिस्त मराठीला त्यांनी लावली, आणि त्यांना तपासतो तेही त्यांच्याच मापाने. पण ज्या युक्तिवादात विरुद्ध पुराव्याला बसायला जागा असते, तो अधिक टिकतो. रानड्यांची तुलना गळून पडली तरी पुस्तक उभे राहते. राजवाड्यांची जोडी मोडली, की तिच्यावर रचलेले सारेच डळमळते.

हा भेद इथल्या मराठी माणसाला अधिक जाणवावा. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि उर्दू, असे आपले दिवस जातात. मराठ्यांच्या इतिहासात 'आपण' म्हणताना लुटणारेही आपले आणि लुटले गेलेलेही आपलेच, हे ज्या गावाला विसरता येत नाही, त्या गावाने दोन शब्दांत जग वाटून देणाऱ्या लेखणीला आणखी एक प्रश्न विचारावा : तिसरे कोणी उरले आहे का?