बहुपुटीय अंडाशय लक्षणसमूह आणि थायरॉइड विकार

बहुपुटीय अंडाशय लक्षणसमूह (पीसीओएस) असलेल्या स्त्रियांमध्ये थायरॉइड (अवटू) ग्रंथीचे विकार इतर स्त्रियांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. त्यांत थायरॉइडची अल्पक्रियता आणि हाशिमोटो थायरॉइडशोथ हे प्रमुख होत. अनियमित मासिक पाळी, वजनवाढ, केस गळणे आणि वंध्यत्व ही लक्षणे दोन्ही विकारांत दिसत असल्याने एकाच्या निदानात दुसरा दुर्लक्षित राहू शकतो.

निदान

२००३ मधील रॉटरडॅम निकषांनुसार पुढील तीनपैकी किमान दोन बाबी आढळल्यास पीसीओएसचे निदान केले जाते :

१. अंडोत्सर्ग अनियमित असणे किंवा न होणे
२. अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य
३. सोनोग्राफीत दिसणारे बहुपुटीय अंडाशय

मात्र तत्पूर्वी अशीच लक्षणे निर्माण करणारे इतर विकार नाहीत याची खात्री करावी लागते. थायरॉइडची तीव्र अल्पक्रियता दीर्घकाळ उपचाराविना राहिल्यास अंडाशय मोठे व पुटीयुक्त होऊ शकतात, आणि थायरॉइडच्या उपचारानंतर ते पूर्ववत होतात. म्हणून टीएसएचची रक्ततपासणी निदानाचा आवश्यक भाग मानली जाते.

चेहऱ्यावरील राठ केस व मुरमे पीसीओएसकडे, तर थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता व मंद नाडी थायरॉइडच्या अल्पक्रियतेकडे निर्देश करतात.

परस्परसंबंध

थायरॉइड संप्रेरके कमी पडल्यास मेंदूतील टीआरएच हे संप्रेरक वाढते. त्यामुळे टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिनही वाढून अंडोत्सर्गात अडथळा येऊ शकतो. तसेच लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे रक्तातील प्रथिन घटते व मुक्त टेस्टोस्टेरॉनचा वाटा वाढतो. पीसीओएसमधील इन्सुलिन प्रतिरोधामुळेही हेच प्रथिन घटते.

हाशिमोटो थायरॉइडशोथात शरीराची रोगप्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवरच हल्ला करते. जर्मनीत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या १७५ स्त्रियांपैकी २६.९ टक्के स्त्रियांत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे वाढलेली आढळली. तुलनागटातील १६८ स्त्रियांत हे प्रमाण ८.३ टक्के होते. या संबंधामागील कार्यकारणभाव अद्याप निश्चित झालेला नाही.

उपचार

थायरॉइडच्या स्पष्ट अल्पक्रियतेत लेव्होथायरॉक्सिन दिले जाते. ते उपाशीपोटी घ्यावे लागते. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून सुमारे चार तासांचे अंतर ठेवतात. सौम्य, लक्षणरहित अल्पक्रियतेत टीएसएचची पातळी, प्रतिपिंडे आणि गर्भधारणेचा विचार यांवरून निर्णय घेतला जातो. या औषधाने पीसीओएस बरा होत नाही. त्यासाठी आहार, व्यायाम, पाळी नियमित करणारी संप्रेरके किंवा मेटफॉर्मिन असे स्वतंत्र उपचार लागतात.

केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही प्रयोगशाळा पद्धतींत टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. त्यामुळे अल्पक्रियता झाकली जाण्याचा धोका असतो. म्हणून तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

गर्भधारणा

उपचार न झालेल्या थायरॉइड अल्पक्रियतेत गर्भपाताचा धोका वाढतो. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूचा विकास मातेच्या थायरॉइड संप्रेरकांवर अवलंबून असतो. म्हणून वंध्यत्वावरील उपचारांपूर्वी टीएसएच तपासले जाते. लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रियांची मात्रा गर्भधारणेत बहुधा वाढवावी लागते. औषध परस्पर बंद करणे धोक्याचे ठरते.