हापशाचा दांडा

गेल्या रविवारी नाशिकहून पेठ रस्त्यानं असंच फिरायला निघालो होतो. वाटेत एका पाड्याजवळ हापसा दिसला आणि लेकीनं गाडी थांबवायला लावली. तिनं दांडा मधोमध धरला, त्याला लोंबकळली, पण तो काही खाली येईना. हंडा घेऊन उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "पोरी, मागं सरक. शेंड्याला धर." ती सरकली आणि पाणी आलं!

शाळेत आपण तरफ शिकलो ती कात्री आणि अडकित्त्यावर. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा. पण या सूत्राचा खरा कस लागला तो हापशावर, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात. ती गोष्ट आज सांगतो.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस बिहारच्या दुष्काळानंतर कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं देशात आली. १९७२च्या दुष्काळात तर महाराष्ट्रात बोअरची गरज आणखीच वाढली. पाणी लागलं, पण वर बसवलेले बिडाचे पंप भराभर मोडत. १९७०च्या दशकाच्या मध्यात झालेल्या पाहणीत जवळजवळ तीन चतुर्थांश हापसे बंद आढळले. दोष अर्थातच गावकऱ्यांना दिला जाई, की लोकांना वस्तू नीट वापरता येत नाहीत.

खरं तर तो पंप मुळात परदेशातल्या एका कुटुंबापुरता घडवलेला होता. आपल्याकडे तोच पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव हापसत होतं. त्यात दांड्याला खिळ्यांचे सांधे अनेक, आणि प्रत्येक सांधा झिजणार. शिवाय दांडा टेकूभोवती फिरताना त्याचं टोक कमानीत फिरतं, पण बोअरमधली सळई सरळ वर यायला हवी. त्यामुळे ती दर हापशाला बाजूला ओढली जाई. आमच्या भाषेत सांगायचं तर बग वापरणाऱ्यात नव्हता, डिझाइनमध्ये होता.

उपाय निघाला जालन्यात आणि सोलापुरात. जालन्याच्या मिशनच्या पाणी प्रकल्पात पोलादी पंप तयार झाला, त्याचा दांडा एकाच टेकूवर फिरे. मग सोलापूरच्या पंपानं ही कल्पना आणखी पक्की केली. टेकूला बंदिस्त बॉल बेअरिंग, आणि दांड्याच्या आखूड टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी कमान. त्या कमानीवरून सायकलसारखी साखळी सोडलेली. दांडा कितीही फिरो, साखळी लोंबते एकाच उभ्या रेषेत. म्हणजे भारभुजा कायम तेवढीच! साखळी फक्त वर ओढते, खाली जायचं काम सळ्या स्वतःच्या वजनानं करतात.

याच सोलापुरी पंपावरून युनिसेफच्या पुढाकारानं 'इंडिया मार्क टू' घडला. कोईमतूर भागात चाचण्या झाल्या, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडासनं तो बनवला आणि १९७९ साली त्याचं भारतीय मानक, आय. एस. ९३०१, निघालं. पुढे असे लाखो हापसे भारतात आणि आफ्रिकेत बसले.

आता थोडं गणित. समजा पाणी ३० मीटर खोल आहे. ६३.५ मिलिमीटरच्या सिलिंडरवर पाण्याचा भार होतो सुमारे ९५ किलो, सळ्यांचा साधारण २५. एकूण १२०. दांड्याच्या दोन भुजांचं प्रमाण ८ ला १, म्हणून हाताला लागतात फक्त १५ किलो. मधोमध धरलं तर ३०. लेक का लोंबकळत राहिली ते कळलं ना?

पण तरफ फुकट काही देत नाही. सळई साडेबारा सेंटिमीटर उचलायला हात एक मीटर खाली न्यावा लागतो, आणि एका हापशाला पाणी मिळतं जेमतेम ४०० मिली. १२ लिटरचा हंडा म्हणजे ३० हापसे. दिवसाला असे दहा हंडे तर ३००, आणि ते बहुतेक बायकाच मारतात. सूत्रात ही बाजू लिहिलेली नसते.

लेक दमून बाजूला झाली, तेव्हा हंडा अर्धाच भरला होता. उरलेला आजींनी भरला, एका लयीत, शेंड्याला धरून.