वळिवड्याचं पोलंड : पाच हजार निर्वासितांनी कोल्हापूरजवळ संसार कसा थाटला?

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडच्या दौऱ्यावर गेले. तिथे राजधानी वॉर्सामध्ये त्यांनी एका स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं आणि त्या स्मारकाच्या नावात चक्क 'कोल्हापूर' होतं. तेव्हापासून कोल्हापूर आणि पोलंडच्या नात्यावरच्या पोस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. त्यातल्या काहींत तर हे काम राजर्षी शाहू महाराजांनी केलं असंही लिहिलेलं असतं.

शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ ला झालं. पोलिश लोक कोल्हापुरात आले १९४३ साली. त्यामुळे ही माहिती चूक आहे. पण खरी गोष्ट कमी मोठी नाही. लहान लेकरं कडेवर घेऊन आलेल्या हजारो बायकांनी अनोळखी देशात संसार कसा उभा केला, त्याची ही गोष्ट. नीट समजून घेऊ.

पोलंडची माणसं थेट कोल्हापूरला कशी पोहोचली?

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. देश दोघांनी वाटून घेतला. सोव्हिएत ताब्यातल्या भागातून फेब्रुवारी १९४० पासून लाखो लोकांना घरातून उचललं गेलं आणि मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं गेलं. त्यात म्हातारी माणसं होती, बाळंतिणी होत्या, तान्ही मुलं होती. थंडी, उपासमार आणि आजारपणात कित्येक जण वाटेतच गेले.

जून १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत युनियनवरच हल्ला केला आणि चित्र पालटलं. ३० जुलै १९४१ ला लंडनमधल्या पोलंडच्या निर्वासित सरकारनं सोव्हिएत युनियनशी करार केला. कैदेतल्या पोलिश लोकांची सुटका सुरू झाली. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्यांच्यासोबत बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. एकूण आकडा एक लाखाच्या वर होता.

पुरुष लढायला पुढे गेले. मग या बायकांचं आणि मुलांचं करायचं काय? त्यांना वेगवेगळ्या देशांत पाठवण्यात आलं. कुणी पूर्व आफ्रिकेत गेलं, कुणी मेक्सिकोला, तर १९४४ मध्ये सातशेहून जास्त मुलं न्यूझीलंडला. काही हजार जण कराचीमार्गे भारतात आले आणि त्यातले बहुतेक कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला.

जामनगर आणि कोल्हापूर, यात फरक काय?

सोशल मीडियावर या दोन गोष्टींची कायम सरमिसळ होते. जामनगरजवळ बालाचडी इथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये पोलिश मुलांसाठी छावणी उभारू दिली. तिथे साधारण हजार मुलं राहिली. त्यातली बरीचशी अनाथ होती किंवा आईवडिलांपासून तुटलेली.

वळिवड्याची छावणी त्याहून खूप मोठी, म्हणजे जवळपास पाच हजार माणसांची. इथे मुख्यतः कुटुंबं होती. आई, दोन-तीन मुलं, एखादी आजी किंवा मावशी. कर्ता पुरुष मात्र क्वचितच. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाली तेव्हा तिथली उरलेली मुलंही वळिवड्यालाच आली.

मग हे केलं कोणी?

राजाराम महाराजांचं नोव्हेंबर १९४० मध्ये निधन झालं होतं. १९४३ मध्ये गादीवर अल्पवयीन राजा होता आणि संस्थानाचा कारभार रीजन्सी म्हणजे राजप्रतिनिधी मंडळाकडे होता. जागा कोल्हापूर संस्थानातली, व्यवस्था ब्रिटिश भारत सरकारच्या देखरेखीखाली, छावणीचा अंतर्गत कारभार पोलिश लोकांच्या हातात आणि खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारकडे, अशी ही मांडणी होती. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत यूजेनियुश बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी भारतातल्या निर्वासितांसाठी मोठी धावपळ केली. त्यामुळे एकाच माणसाला सगळं श्रेय देणाऱ्या पोस्ट अर्धवट असतात.

वळिवडं कसं होतं?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून दुचाकी काढली की साधारण अर्ध्या तासात तुम्ही वळिवड्याला पोहोचता. गाव शहराच्या पूर्वेला, करवीर तालुक्यात. शेजारून पंचगंगा वाहते आणि कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग जातो. हा लोहमार्ग १८९१ पासूनचा. पाच हजार माणसं, त्यांचं सामान आणि रोजचा शिधा आणायला रेल्वेइतकी सोयीची गोष्ट दुसरी नव्हती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यानं हवाही मुंबई-कराचीपेक्षा सुसह्य.

छावणीत बराकींच्या लांब रांगा होत्या. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर कौलं. एका कुटुंबाला साधारण दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे छोटा व्हरांडा. ऐकायला साधं वाटतं. पण दोन वर्षं मालगाडीत, श्रमछावणीत आणि तंबूत काढलेल्या बाईसाठी स्वतःचं दार लावता येणं ही फार मोठी गोष्ट होती. थोड्याच दिवसांत बराकींपुढे फुलझाडं आणि भाजीचे वाफे दिसू लागले.

चूल कशी पेटली?

निर्वासितांच्या छावण्यांत अनेकदा सगळ्यांचं जेवण एकत्र शिजतं. माणसं ताट घेऊन रांगेत उभी राहतात. वळिवड्यात कुटुंबांना दरमहा भत्ता मिळायचा. त्यातून बाजार करायचा आणि आपल्या घरी आपल्या हातानं रांधायचं.

याचा फायदा दुहेरी झाला. आईच्या हाती पुन्हा घराचा कारभार आला. मुलांना बऱ्याच काळानं घरचं जेवण मिळालं. आणि आजूबाजूच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले, दुकानदार यांचा छावणीशी रोजचा संबंध आला. तीन वर्षांपूर्वी बर्फात अडकलेली बाई आता कोल्हापुरी भाजीवालीशी हातवारे करून भाव करत होती. मुलांनी तर बाजारातल्या गप्पांतून इथल्या भाषेतले शब्द पटापट उचलले. परक्या मुलखात नवी भाषा घरात येते ती आधी पोरांच्या तोंडून, हे आज परदेशात राहणाऱ्या मराठी आईबापांनाही पक्कं ठाऊक आहे.

शाळेवर एवढा भर का होता?

कारण या मुलांची शिक्षणाची दोन-तीन वर्षं वाया गेली होती. कित्येकांना वय आठ-नऊ झालं तरी वाचता येत नव्हतं. त्यामुळे छावणी लागली तशी बालवाडी, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा सुरू झाल्या. शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच. पुस्तकं कमी, वह्या कमी. तरी पोलिश भाषा, इतिहास, भूगोल रीतसर शिकवला गेला.

शाळेच्या जोडीला स्काउट पथकं, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम, चर्च, दवाखाना असं सगळं उभं राहिलं. क्षयासारखे आजार झालेल्यांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवलं जाई.

यामागचा हेतू सरळ होता. युद्ध संपलं की आपण घरी जाणार आणि तोवर मुलं पोलिशच राहिली पाहिजेत. आज अमेरिकेत रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडणारे आईबाप जे करतात, तसंच काहीसं हे होतं. फरक एवढाच की या बायकांनी हा देश स्वतःहून निवडलेला नव्हता आणि परतीचं तिकीट कधी निघेल हे त्यांना कोणी सांगू शकत नव्हतं.

खरा पेच युद्ध संपल्यावर आला

फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्वेकडचा भाग सोव्हिएत युनियनकडे जाणार हे ठरलं. वळिवड्यातली बहुतेक कुटुंबं नेमकी याच भागातली. त्यांची गावं आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत. म्हणजे युद्ध जिंकलेल्या बाजूला असूनही त्यांचं घर दुसऱ्या देशात गेलं. आणि तो देशही कोणता, तर ज्यानं त्यांना सैबेरियात पाठवलं होतं तोच.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा खर्च ज्यांच्या नावावर होता ते सरकारच कागदावरून गेलं. पुढची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थांकडे गेली.

आता प्रत्येक आईपुढे प्रश्न होता, मुलांना घेऊन जायचं कुठे? ज्यांचे नवरे, भाऊ किंवा मुलगे पोलिश सैन्यातून लढले होते त्यांना ब्रिटनचा रस्ता मिळाला. तिथे १९४७ मध्ये पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. काही जण ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला गेले. काही पोलंडला परतले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न करून इथेच राहिलेली मुलगीही होती. आणि जे आजारपणात गेले त्यांच्या कबरी कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

ज्या मुलानं पाच वर्षांचा असताना वळिवडं पाहिलं, तो दहाव्या वर्षी पुन्हा बोचकं बांधून नव्या देशात निघाला. या पिढीच्या लेखी बालपणातला सगळ्यात स्थिर काळ म्हणजे कोल्हापूर. ते आयुष्यभर या गावाचं नाव का काढत राहिले, याचं उत्तर इथे आहे.

त्या बराकींचं पुढे काय झालं?

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच जागेवर वसवण्यात आलं. पोलिश कुटुंबांनी सोडलेल्या बराकींत सिंधी कुटुंबांनी संसार मांडले. तीच वसाहत आजचं गांधीनगर. लग्नाच्या कापडखरेदीला कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागातले लोक जिथे हमखास जातात, तो घाऊक बाजार. एकाच जमिनीनं दहा वर्षांच्या आत दोन देशांच्या उखडलेल्या माणसांना आधार दिला.

आज काय बघता येतं?

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. १९४२ ते १९४८ या काळात भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची एक संघटनाही आहे आणि तिनं आठवणींचं पुस्तक काढलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये युद्धाला ८० वर्षं झाली तेव्हा छावणीत वाढलेले काही जण म्हातारपणी पुन्हा कोल्हापूर-वळिवड्याला येऊन गेले.

आणि २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा तिथे अडकलेले अनेक भारतीय विद्यार्थी सीमा ओलांडून पोलंडमध्ये पोहोचले आणि तिथून विमानानं घरी आले. त्या दिवसांत वळिवड्याची आठवण दोन्हीकडे निघाली.

त्यामुळे पुढच्या वेळी ती पोस्ट आली तर एवढं दुरुस्त करून पुढे पाठवा : साल १९४३, गाव वळिवडे, माणसं सुमारे पाच हजार, आणि त्यातली बहुतेक बायका आणि मुलं.