शीव ते अवकाश : बाष्पशक्तीच्या प्रवासाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासाची मांडणी बहुधा युगांच्या भाषेत केली जाते. बाष्पयुग, विद्युतयुग, अणुयुग, अवकाशयुग अशी ही क्रमवारी असून, एक युग संपले की दुसरे सुरू होते असे तीत गृहीत धरलेले असते. या मांडणीनुसार वाफेचे इंजिन वस्तुसंग्रहालयात गेले आणि त्याची जागा आधी विजेने व पुढे रॉकेटने घेतली. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मुंबईतील शीव या ठिकाणापासून आरंभ करून, वाफेच्या बळावर अवकाशात प्रवास करता येईल काय, या वरवर चमत्कारिक वाटणाऱ्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

शीव : हद्द आणि आरंभ

शीव या शब्दाचा अर्थच हद्द असा आहे. सतराव्या शतकात मुंबई बेटे इंग्रजांकडे आणि पलीकडील साष्टी पोर्तुगीजांकडे होती. या दोन सत्तांमधील सीमा येथे होती. गव्हर्नर जेरॉल्ड आँजियर यांच्या कारकिर्दीत (१६६९-१६७७) येथील टेकडीवर किल्ला उभा राहिला. साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांकडे आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली, तेव्हा ही हद्द राजकीयदृष्ट्या पुसली गेली. मात्र मधली खाडी व दलदल यांची नैसर्गिक हद्द कायम होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीव व कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता झाला आणि तीही ओलांडली गेली.

बाष्पशक्तीचा येथील इतिहास ३१ ऑक्टोबर १८५० रोजी सुरू होतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ जे. पी. विलोबी यांच्या हस्ते शीवजवळच मारण्यात आली. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांच्या देखरेखीखाली शीवच्या दलदलीत भराव घालून लोहमार्ग पुढे नेण्यात आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी याच मार्गाने, सुमारे ३४ किलोमीटर अंतर कापून, ठाण्यास पोहोचली. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या एतद्देशीय धुरीणांनी या उपक्रमाचा आधीपासून पाठपुरावा केला होता. इंजिने मात्र इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीतून आलेली होती. भराव येथील मजुरांच्या हातांनी झाला आणि यंत्र परदेशातून आले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

रेल्वेच्या इंजिनाची मर्यादा

रेल्वेचे बाष्पयंत्र अवकाशात का चालणार नाही, हे समजण्यासाठी त्याची कार्यपद्धती थोडक्यात पाहू. बॉयलरमधील वाफ दट्ट्या ढकलते, दट्ट्या चाक फिरवतो, चाक रुळाला मागे रेटते आणि गाडी पुढे जाते. म्हणजे या इंजिनाला रेटा देण्यासाठी जमीन लागते, कोळसा जळण्यासाठी हवा लागते आणि वाटेत पुन्हा पुन्हा पाणी घ्यावे लागते. अवकाशात यांपैकी काहीच उपलब्ध नाही. शिवाय काम संपलेली वाफ धुराड्यातून बाहेर टाकली जाते. ती जाताजाता भट्टीचा ओढा वाढवते हे खरे, परंतु गाडी ओढण्याच्या दृष्टीने तिचे कार्य संपलेले असते.

रॉकेटमध्ये नेमके याच्या उलट घडते. तेथे वायू बाहेर टाकणे हेच कार्य होय. वायू जितक्या वेगाने मागे जाईल तितका पुढचा रेटा अधिक. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हा संबंध सूत्ररूपाने मांडला आणि त्याच लेखात द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन यांची इंधन म्हणून शिफारस केली.

या सूत्राच्या आधारे वाफेची परीक्षा घेता येते. पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. हवेचा विरोध व गुरुत्वाकर्षणामुळे होणारी घट तूर्त बाजूला ठेवू. दाबाखाली तापवलेले पाणी नोझलमधून सोडले तर बाहेर पडणाऱ्या वाफेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा किलोमीटर मिळतो. अशा यानाचे निघतानाचे वजन पोहोचतानाच्या वजनाच्या जवळजवळ ६० लाख पट असावे लागेल, आणि हे अशक्य होय. वाफ सातशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवली तर वेग १.९ किलोमीटरपर्यंत जातो आणि हे प्रमाण ६० पटींवर येते. हेही व्यवहार्य नाही. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या ज्वलनातून मिळणारा ४.३ किलोमीटरचा वेग घेतला, तर मात्र प्रमाण सुमारे सहा पट एवढेच उरते.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणीच तयार होते. म्हणजे या इंजिनाच्या नोझलमधून बाहेर पडते ती प्रामुख्याने अतितप्त वाफच. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रेल्वेत वाफ हे उष्णतेचे वाहन असते, तर येथे ती ज्वलनाचे फलित असते. तसेच या इंजिनांत हायड्रोजन जाणीवपूर्वक थोडा अधिक वापरतात. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या मिश्रणाचा सरासरी रेणुभार पाण्याच्या १८ वरून १२ च्या आसपास येतो आणि वेग वाढतो. हे भेद मान्य करूनही मुख्य गोष्ट बदलत नाही. काम करणारा पदार्थ तोच राहिला. आधी त्याचा दाब वापरला जात होता, आता त्याचा वेग वापरला जातो.

अवकाशयुगातील वाफ

अवकाशयुगाच्या आरंभीही वाफ उपस्थित होती. जर्मनीच्या व्ही-२ रॉकेटमध्ये इंधन ज्वलनकक्षात लोटणारे पंप वाफेच्या टर्बाइनवर चालत. ही वाफ हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनातून मिळे. १९५७ मध्ये स्पुटनिक आणि १९६१ मध्ये युरी गागारिन यांना नेणाऱ्या सोव्हिएत रॉकेटांतही हीच पद्धत होती आणि त्याच वंशातील सोयुझ रॉकेटांत ती टिकून राहिली.

निव्वळ पाण्याच्या वाफेवर यान चालवण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत. पृथ्वीवरून उड्डाण करण्यास अपुरी पडणारी वाफ, एकदा अवकाशात पोहोचल्यावर, लहान यानाचा मार्ग बदलण्यास पुरेशी ठरते. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी आर्टेमिस-१ मोहिमेबरोबर गेलेल्या इक्युलियस या छोट्या जपानी यानाने पाण्याची वाफ सोडून आपली कक्षा नियंत्रित केली. अमेरिकेत लघुग्रहावरील बर्फ काढून त्याच्याच वाफेवर पुढे उडी घेणाऱ्या यानाच्या प्रतिकृतीची चाचणी २०१८ च्या अखेरीस झाली. वाटेत पाणी घेत पुढे जायचे, ही रेल्वेची जुनी रीत येथे पुन्हा अवतरलेली दिसते. चांद्रयान-१ च्या निरीक्षणांतून २००९ मध्ये चंद्रावर पाण्याचे अस्तित्व पुढे आले. त्या शोधाचे महत्त्व या संदर्भातही जाणून घेण्यासारखे आहे.

शीव ते विक्रोळी

शीवहून त्याच लोहमार्गाने ठाण्याकडे निघाल्यास कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर व त्यानंतर विक्रोळी हे स्थानक लागते. १८९७ मध्ये लालबागेत कुलपांपासून आरंभ झालेल्या गोदरेज उद्योगाचा विस्तार पुढे येथे झाला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेसाठी द्रवइंधनाची व क्रायोजेनिक इंजिने घडवण्याचे काम येथील कारखान्यात होत आले आहे. क्रायोजेनिक इंजिन म्हणजे वर वर्णिलेले हायड्रोजन-ऑक्सिजनचे इंजिन होय.

हे इंजिन सहज मिळाले नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संस्था ग्लावकॉसमॉसशी तंत्रज्ञानाचा करार झाला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. केवळ तयार इंजिने मिळाली. स्वदेशी इंजिनाचे १५ एप्रिल २०१० रोजीचे पहिले उड्डाण अयशस्वी ठरले. ५ जानेवारी २०१४ रोजी जी.एस.एल.व्ही. डी-५ च्या उड्डाणाने यश लाभले. सी.ई.-२० हे अधिक शक्तिशाली इंजिन ५ जून २०१७ रोजी प्रथम उडाले आणि १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ च्या प्रक्षेपणातही त्यानेच वरच्या टप्प्याचे काम केले.

येथे १८५३ शी तुलना अपरिहार्य ठरते. पहिली गाडी धावल्यानंतर भारतात पूर्ण घडवलेले पहिले रेल्वे इंजिन अजमेरच्या कारखान्यातून बाहेर पडण्यास १८९५ साल उजाडले. मधल्या ४२ वर्षांत भारतीय कारागीर इंजिने चालवत होते आणि दुरुस्त करत होते. परळच्या रेल्वे कारखान्यासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेले धातुकामाचे हे कौशल्य इतिहासलेखनात क्वचितच नोंदले जाते. ते थेट क्रायोजेनिक इंजिनापर्यंत पोहोचले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु यंत्र वापरणे आणि यंत्र घडवणे यांतील अंतर किती काळाने व कोणत्या श्रमाने ओलांडले जाते, हा प्रश्न दोन्ही काळांत समान आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बॉयलरची वाफ यानाला पृथ्वीवरून कक्षेत नेऊ शकत नाही. ही मर्यादा कल्पकतेची नसून भौतिकीची आहे. दुसरी, वाफ अवकाशयुगात कालबाह्य न होता पंपांत, ज्वलनात व लघुयानांत नव्या रूपाने कार्यरत राहिली. म्हणून युगांची काटेकोर विभागणी अध्यापनात जपून वापरावी. तिसरी, तंत्रज्ञानाचा इतिहास उद्घाटनाच्या तारखांपुरता मर्यादित ठेवल्यास ते घडवणारे हात दृष्टीआड होतात. शीवजवळ पहिली कुदळ कोणाच्या हस्ते मारली गेली याची नोंद इतिहासाने जपली. पुढची प्रत्येक कुदळ ज्यांनी मारली, त्यांचा शोध स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी घ्यावयाचा आहे.