गळ्यातली गाय

चुकार गुराच्या गळ्यात ओंडका अडकवतात, त्याला आपण लोढणं म्हणतो. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत, असलं लोढणं शाळकरी पोरांच्या गळ्यात पडायचं. त्याचं नावच मुळी ‘व्हाश’, म्हणजे गाय. मास्तरांच्या तोंडचं सभ्य नाव ‘सँबॉल’, खूण.

वस्तू साधीच. झिजका लाकडी जोडा, पाटीचा तुकडा, नाहीतर भोक पाडलेली फळी, सुतळीत ओवलेली. आवारात जो फ्रेंच सोडून ब्रेतों, म्हणजे तिथली घरची भाषा, बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती जायची. काढायची तर वाट एकच: दुसऱ्याला ब्रेतों बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा. मधल्या सुट्टीत गोट्यांचा नेम चुकला, तोंडून आईची भाषा निसटली, की सकाळपासून टपून बसलेला दोस्तच पुढे यायचा. मास्तरांना कान टवकारून हिंडायची गरजच नव्हती.

हे डोकं मात्र फ्रेंच सरकारचं नव्हे. कूळ शोधत गेलं तर आपण लॅटिन शाळांत पोचतो. तिथे, आणि पुढे जेझुइटांच्या विद्यालयांत, लॅटिन सोडून घरची बोली बोलणाऱ्याच्या हाती ‘सिग्नुम’ दिलं जाई. फ्रान्समध्ये ते आधी फ्रेंच बोलणाऱ्या पोरांनीच वागवलं! सासुरवास भोगलेली सून सासू झाली, एवढंच. एकोणिसाव्या शतकात ही खूण ब्रिटनीच्या गावशाळांत दिसू लागली. 1881-82 मध्ये शिक्षणमंत्री जूल फेरीच्या कायद्यांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तशी ती घरोघरच्या पोरांपर्यंत पोचली. वेल्समध्ये तिची बहीण ‘वेल्श नॉट’, जपानच्या ओकिनावात ‘होगेन फुदा’. (मराठी बोललं म्हणून दंड घेणाऱ्या आपल्याकडच्या शाळा निदान गळ्यात काही बांधत नाहीत.)

ब्रेतों ही फ्रेंचची बोली नाही. पाचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटनमधून खाडी ओलांडून आलेल्यांची ती केल्टिक भाषा, वेल्शची नातलग. 1914 मध्ये जन्मलेल्या लेखक पिएर-जाकेझ एलिआसने आपल्या आठवणींत ही गाय नोंदवली आहे. तिच्यापायी शिक्षा झालेल्या पोराला घरीही मार बसे. आईबापांना फ्रेंच येत नव्हतं, म्हणूनच पोराला ते यायला हवं होतं. मला या सगळ्या कथेत सर्वांत जड जातो तो हा घरचा मार. शाळेचं लोढणं संध्याकाळी उतरायचं; घरच्यांनी मात्र पुढच्या पिढीशी ब्रेतों बोलणंच सोडलं. 1900 च्या सुमारास दहा लाखांवर असलेले भाषक आता जेमतेम लाखभर उरलेत, तेही बहुतेक म्हातारे.

1977 मध्ये काही पालकांनी ‘दिवान’ नावाच्या शाळा काढल्या. दिवान म्हणजे अंकुर. तिथे गणितसुद्धा ब्रेतोंतून शिकवतात. ही पद्धत सरकारी शाळांतही चालावी, असा कायदा फ्रान्सच्या संसदेने 2021 च्या एप्रिलमध्ये केला. 21 मे रोजी घटना परिषदेने ते कलम रद्द केलं. कारण दिलं ते असं: प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे.