स्वामित्वधन, संगीतातील

गीतकार, संगीतकार व गायक यांना त्यांच्या कृतीच्या व्यापारी वापराबद्दल वेळोवेळी मिळणारा मोबदला. एकरकमी मानधनाहून तो भिन्न होय. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कोलकात्यात प्रारंभ झाला. त्या काळी बहुतेक कलावंतांना एकदाच ठरलेली रक्कम मिळे. तबकडीच्या खपाशी तिचा संबंध नसे. पुढे चित्रपटसंस्थांत मासिक वेतनाची प्रथा रूढ झाली. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीतही कलावंत पगारी असत. वेतनामुळे स्थैर्य लाभले. कृतीवरील हक्क मात्र संस्थेकडे राहिला.

१९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाने गीत व स्वररचना यांना संरक्षण दिले. गायनास दिले नाही. १९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांसाठी स्वामित्वधनाची मागणी केली. मानधन स्वीकारल्यावर गायकाचा हक्क संपतो, असे महंमद रफी यांचे मत होते. या मतभेदामुळे काही वर्षे त्यांची युगुलगीते बंद पडली. १९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांची ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ मुंबईत स्थापन झाली. तथापि मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला.

१९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांचे प्रयोगविषयक हक्क मान्य झाले. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त अन्य वापराबद्दलचा स्वामित्वधनाचा समान वाटा गीतकार व संगीतकार यांना निर्मात्याच्या नावे सोडून देता येणार नाही, असे ठरले; गायकांनाही व्यापारी वापरात वाटा मिळाला. त्याच्या वसुलीसाठी २०१३ मध्ये गायकांची स्वतंत्र संस्था निघाली.

इंटरनेटवरून मागणीनुसार गीते ऐकविणाऱ्या सेवांमुळे हा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. अशा सेवांत सामान्यतः वर्गणी व जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करून श्रवणसंख्येच्या प्रमाणात हक्कधारकांत वाटले जाते. हक्कधारक बहुधा ध्वनिमुद्रण कंपनी असल्याने कलावंताचा वाटा त्याच्या करारावर अवलंबून राहतो. वैधानिक परवान्याची तरतूद या सेवांना लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले. त्यामुळे दर वाटाघाटींनी ठरतात व त्यांत मोठ्या कंपन्यांचे वजन अधिक पडते. स्पॉटिफाय या सेवेने २०२४ पासून बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांना मोबदला देणे थांबविले. मर्यादित श्रोतृवर्ग असलेल्या लोकगायकांना असा नियम विशेष जाचक ठरतो. एकरकमी मानधनावर सर्व हक्क लिहून देणाऱ्या कलावंतास कायद्याने दिलेला वाटाही हिशेब पाहण्याची सोय असल्याशिवाय पदरात पडत नाही. म्हणून लेखी करार व संघटित वसुली यांना दराइतकेच महत्त्व आहे.